दोन खांबांमधलं अंतर

फेब्रुवारी सरत आला की आमच्या रस्त्यावरची काटेसावर पानं टाकून नुसत्या फुलांवर उभी राहते. फुलं जाड, लाल, ओलसर. वरून पडली की फुटपाथवर चक्क आवाज होतो. त्याच सुमारास पोरं गच्चीवर येरझाऱ्या घालत पाठांतर करायला लागतात, मोहराचा तुरट वास जिन्यापर्यंत येतो, आणि सकाळी अंगावर घेतलेली शाल दहा वाजता नकोशी होते. कोथरूडचा हा ऋतू कुठल्या पंचांगात सापडायचा नाही. आम्ही त्याला परीक्षेचे दिवस म्हणतो. मला तो दरवर्षी नको असतो, आणि दरवर्षी तो येतोच.

यंदा त्याच्याबरोबर एक कागदही आला. सोसायटीच्या फलकावर, पाणी कपातीच्या सूचनेशेजारी, चार टाचण्या मारून लावलेला. आपल्या भागात पायी चालणारे, सायकलवाले आणि चाकांची खुर्ची वापरणारे यांच्यासाठी मार्ग आखायचे आहेत, नागरिकांनी तीस दिवसांच्या आत हरकती व सूचना द्याव्यात. खाली काळ्या ठिपक्यांचा तो चौकोन, मोबाइल समोर धरला की फॉर्म उघडतो म्हणे. कागद लावला तिसऱ्या मजल्यावरच्या प्राजक्ताने. ती हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत आहे, शनिवारी सायकलवर सिंहगडाला जाते आणि उरलेले दिवस आम्हा म्हाताऱ्यांना सुधारते.

"काका, तुम्ही नक्की भरा हं. सीनियर लोकांचा फीडबॅक खूप मॅटर करतो."

"माझा फीडबॅक एकदा मॅटर झालेला आहे," मी म्हटलं. "तेवढा पुरे."

ती खळखळून हसली. पुण्यात माणूस रडवेला झाला तरी ऐकणाऱ्याला तो खवचटपणाच वाटतो. त्याची एक सोय असते. मीही हसलो आणि घरात येऊन दार लावून घेतलं.

माझी मोठी बहीण, सुधाताई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना तापाचं निमित्त झालं आणि पोलिओने तिचे दोन्ही पाय नेले. आमचे बाबा भंडाऱ्याहून कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आलेले. त्यांनी सायकलच्या पुढच्या दांडीवर एक छोटी लोखंडी सीट बसवून घेतली आणि दहा वर्षं तिला रोज शाळेत सोडलं, रोज आणलं. शहर तेव्हा सायकलींचंच होतं. वाटेत वेळ मोडायचा तो रहदारीमुळे नाही, भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांमुळे. ताई पुढे आणि मी मागे कॅरिअरवर, त्यामुळे तिला सगळा रस्ता दिसायचा आणि मला बाबांची पाठ. ही तक्रार मी तिच्याकडे जन्मभर करत राहिलो.

ती गणितात पदवी घेऊन नववी-दहावीच्या शिकवण्या घ्यायला लागली. आमचं बिऱ्हाड कोथरूडला आलं ते तळमजल्यावर, तिच्यासाठीच. बाहेरच्या खोलीत फळा, चार लांब बाकं, आणि भिंतीला टेकवलेल्या तिच्या कुबड्या. मुलं तिला मेश्राम टीचर म्हणत. ती कधी ओरडत नसे. चुकलेल्या गणिताखाली लाल शाईत फक्त "पुन्हा मोज" असं लिहीत असे, आणि पोरं त्या दोन शब्दांना छडीपेक्षा जास्त घाबरत.

तीनचाकी तिच्या आयुष्यात आली ती चाळिशी उलटल्यावर. पुढे एक चाक, मागे दोन, छातीसमोर हाताने फिरवायची पेडलं, पायाखाली लाकडी फळी, सगळ्याला हिरवा रंग. तोपर्यंत ती जिथे गेली तिथे तिला कुणीतरी नेलं होतं: बाबांनी, मी, रिक्षावाल्याने, कुठल्याशा लग्नात पाहुण्यांनी खुर्चीसकट उचलून. पहिल्यांदा एकटी फाटकाबाहेर जाऊन परत आली त्या संध्याकाळी तिने हात धुतले, वंगणाचे डाग निघाले नाहीत, तशीच ओट्यापाशी आली आणि माझ्या बायकोला, मंगलला म्हणाली, "आज मला कुणी आणलं नाही."

"म्हणजे?" मंगलने विचारलं.

"म्हणजे माझी मी आले."

मंगल नंतर मला सांगत होती की हे बोलताना ताईंचा चेहरा लहान मुलीचा झाला होता.

तेव्हापासून रोज साडेपाचला शेवटची तुकडी सुटली की ताई तीनचाकीवर बसायची आणि आत हाक द्यायची, "मंगल, चालून येते गं." चालून. आम्हा कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमच्या फाटकापासून डावीकडे दीडशे पावलांवर आमचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळायचा, तिथे पोपटरावांची रसवंती. उन्हाळा लागला की ते श्रीगोंद्याकडून यायचे, ताडपत्री ताणायचे, चरकाला घुंगरू बांधायचे. तिथून टेकडीची एक कड दिसते. मार्चमध्ये ती सगळी पिवळी-तपकिरी झालेली असते आणि मधेच एखादा पांगारा पेटल्यासारखा दिसतो. ताई बिनबर्फाचा रस घ्यायची, टेकडीकडे बघत बसायची. परीक्षा जवळ आल्या असल्या की मांडीवर उत्तरपत्रिका. जुने विद्यार्थी ऑफिसातून परतताना तिला बघून गाडी थांबवायचे, "टीचर, ओळखलंत?" ती ओळखायची, आणि बहुतेकांना त्यांची भूमितीतली चूकही सांगायची. साडेसहाला परत. त्या एका तासात ती कुणाची बहीण नव्हती, कुणावर सोपवलेली नव्हती.

आता या सगळ्यात माझं काय ते सांगतो. मी ड्राफ्ट्समन. तीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात बोर्डापुढे उभा राहून यंत्रांच्या भागांची चित्रं काढली. मग कंपनीत कॉम्प्युटर आले, आमचे बोर्ड भंगारात गेले, आणि आम्हाला सन्मानाने व्हीआरएस देण्यात आली. सन्मान म्हणजे शाल आणि नारळ. घरी आलो तर शहर बदललेलं. शेजारच्या बंगल्यांच्या जागी सात-सात मजले, प्रत्येक घरात दोन दुचाक्या, आणि संध्याकाळी सगळं हिंजवडी एकाच वेळी आमच्या रस्त्यावरून घरी निघालेलं. रस्ता तुंबला की गाड्या फुटपाथवर चढायच्या. फुटपाथ नवा होता, रुंद होता, आणि फाटकांपाशी उतार असल्याने चढायला सोपा होता. त्याच उतारांवरून ताईची तीनचाकीही चढायची.

एका संध्याकाळी मागून आलेल्या मोटरसायकलने तिच्या मागच्या चाकाला धक्का दिला. ती उजवीकडे कलंडली. कोपर सोललं, चष्मा फुटला, चाकाच्या तारा वाकल्या. दोघा माणसांनी तिला घरी आणून सोडलं. मोटरसायकलवाला अर्थातच पुढच्या सिग्नलला पोचला होता.

"आता हे बंद," मी म्हणालो. डेटॉल लावता लावता म्हणालो, म्हणजे आवाज चढवायला कारण होतं. "एकटी जायचं नाही. जायचं तर मी येईन बरोबर."

"तू बरोबर आलास तर ते माझं जाणं नाही, अरू. ते तुझं नेणं."

"मग घरात बस."

"चाळीस वर्षं बसले," ती म्हणाली. एवढंच. आवाज न चढवता.

आमचं असं भांडण त्याआधी कधी झालं नव्हतं. तारा बदलून आल्या आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मी साडेपाचपासून फाटकात उभा. तो तास मला जायचा नाही. तिची घंटा ऐकू आली की मी आत पळायचो आणि पेपर वाचत असल्यासारखा बसायचो. ती आत यायची आणि म्हणायची, "पेपर उलटा धरलायस." तो उलटा नसायचा, पण मी बघायचो.

याच दिवसांत ती पहिली नोटीस आली होती. वर्तमानपत्रात, आतल्या पानावर, बारीक अक्षरात. आमच्या भागातला फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी नीट करायचा आहे, हरकती-सूचना तीस दिवसांत. आमच्याकडे हरकत घेणारे पैशाला पासरी, पण ती लेखी देणारा शोधावा लागतो. मी देणार होतो. कंपनीने मला काढलं तरी माझे सेटस्क्वेअर काढून घेतले नव्हते.

पार्किंगमध्ये जाऊन मी स्टीलच्या टेपने माझ्या स्कूटरचं हँडल मोजलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन फूट चार इंच. मग शेजाऱ्यांच्या मोटरसायकली मोजल्या. सगळ्या त्याहून रुंद. म्हणजे फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवायचे आणि दोन खांबांत बरोबर दोन फूट जागा ठेवायची. माणूस जाईल, गाडी जाणार नाही. मी ट्रेसिंग पेपरवर शाईने ड्रॉइंग काढलं. वरून दिसणारं, समोरून दिसणारं, खांबाचा व्यास, जमिनीत गाडायची खोली, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. प्रत्येक फाटकाच्या दोन्ही बाजूंना खांब. कित्येक महिन्यांनी हातात पेन धरलं होतं आणि हात जराही हलला नव्हता. मला फार बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

सोसायटीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ताईची घ्यायला गेलो तेव्हा तिची तुकडी चालू होती.

"काय आहे?"

"फुटपाथवर गाड्या येऊ नयेत म्हणून अर्ज. खांबांचा."

"बघू."

"नंतर बघ गं. पाच वाजता महापालिकेतली खिडकी बंद करतात."

तिने फळ्यावरचं वर्तुळ पुरं केलं आणि मुलांकडे बघतच सही केली. तिची सही सुरेख होती. तो कागद कुठल्याशा फाइलीत अजून असेल.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. ताईने आदल्या दिवशी इस्त्रीची साडी काढून ठेवली होती.

"मला यायचंय," ती म्हणाली.

"पहिल्या मजल्यावर आहे. दोन जिने. उचलून न्यायचं म्हणजे चार माणसं हवीत, आणि तुलाच आवडत नाही ते. मी बोलतो ना तुझ्या वतीने."

"माझ्या वतीने काय बोलणार?"

"तुला त्रास होऊ नये असं."

तिने साडी परत कपाटात ठेवली.

सभा नेहमीसारखी झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले की सायकलवाल्यांना आधी सिग्नल पाळायला शिकवा. एका बाईंना कुत्र्यांबद्दल बोलायचं होतं आणि त्या बोलल्या. एकाने फुटपाथ अरुंद करून गाड्यांना जागा द्या अशी सूचना केली, त्याला सर्वांत जास्त टाळ्या. मग मी ड्रॉइंग उघडलं. समोरचा तरुण इंजिनिअर खुर्चीतून उठून टेबलाच्या या बाजूला आला. म्हणाला, "काका, असं ड्रॉइंग आमच्याकडेही आता कुणी काढत नाही." मी घरी परतताना जिना उतरलो की हवेत चाललो, आठवत नाही. चालायचे मार्ग, चाकांचे मार्ग यांच्यावरची ती सभा, आणि चाकांवरचं एकही माणूस वर येऊ शकलं नव्हतं. हे मला तेव्हा दिसलं नाही. आता दुसरं काही दिसत नाही.

पुढच्या वर्षी, याच दिवसांत, सावरीची फुलं पडत असताना, खांब बसले. चकचकीत स्टीलचे, कमरेएवढे, माझ्या ड्रॉइंगबरहुकूम. मी टेप घेऊन गेलो. दोन फूट, सूतभरही इकडेतिकडे नाही. पहिल्याच संध्याकाळी मोटरसायकली चढायला आल्या, थबकल्या, शिव्या देऊन मागे फिरल्या. साडेपाचला आमचे चेअरमन पेढे घेऊन घरी आले, म्हणून त्या दिवशी मी फाटकात नव्हतो. या शहरात नागरिकाची सूचना जशीच्या तशी अमलात आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे लोक माझ्याकडे थोड्या संशयानेही बघत होते.

त्या संध्याकाळी ताई लवकर परतली.

"काय गं, इतक्यात?"

"ऊन आहे रे."

मार्चमध्ये साडेपाचला ऊन असतंच. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही, परीक्षा तोंडावर होत्या. परीक्षा संपल्यावर तिचे खांदे दुखायला लागले. पेडलं फिरवून दुखतात, डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय, असं ती म्हणाली. कुठल्या डॉक्टरांनी, ते मी विचारलं नाही. पावसाळ्यात मंगलने तीनचाकीवर जुनी चादर टाकली, आणि दिवाळीपर्यंत तिच्यावर सोसायटीच्या मुलांचे पतंग आणि बॅटी ठेवल्या जाऊ लागल्या. "चालून येते" हे शब्द घरातून गेले, आणि त्यांची अनुपस्थिती माझ्या कानांना जाणवली नाही.

पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा मोहर. पोपटरावांची ताडपत्री ताणली गेली तसा एका दुपारी मी रस प्यायला गेलो. त्यांनी ग्लास पुसला, भरला, आणि विचारलं, "टीचर बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत की. का हो?"

"येत न्हाईत म्हनून इचारलं. त्ये खांब बसवले त्या दिवशी आल्या व्हत्या. तिकडं, तुमच्या फाटकाम्होरं. गाडी आत घालून बघितली, तिरकी करून बघितली. न्हाई गेली. मंग तितंच बसून ऱ्हायल्या."

मी ग्लास खाली ठेवला.

"मी पळत गेलो," पोपटराव सांगत होते. "म्हनलं टीचर, खाली रस्त्यावरनं या, मी गाड्या थांबवतो. तर म्हनल्या, रोज थांबवाल का पोपटराव? आता काय बोलायचं? मंग रस तितंच नेऊन दिला. त्या खांबाच्या अल्याड, मी पल्याड. ग्लास दिला माघारी, थँक्यू म्हनल्या, वळल्या." त्यांनी चरकाला ऊस लावला. "कोन बसवतं हो असलं काय तरी?"

घुंगरू वाजत होते. मी पैसे ठेवून निघालो.

पार्किंगमध्ये येऊन मी तीनचाकीवरची चादर काढली. बॅटी बाजूला केल्या. टेप आणली आणि मागच्या दोन चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मोजली. दोन फूट सात इंच. पुन्हा मोजली. तिच्या उत्तरपत्रिकांवरच्या त्या दोन शब्दांसारखी, पुन्हा मोजली. दोन फूट सात इंच.

आयुष्यभर ज्याने मापं काढली त्याने सगळ्या गावाच्या गाड्या मोजल्या आणि जिच्यासाठी मोजत होता तिची मोजली नाही. असं कसं होतं, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. एक उत्तर मिळालंय, ते खरं आहे की सोयीचं ते ठाऊक नाही. माझ्या मनात ताई कधी गाडीवर नव्हतीच. ती "चालून येते" म्हणायची आणि मी ते ऐकायचो. मी खांब रोवत होतो ते गाड्यांना अडवायला आणि माणसांना सोडायला, आणि ताई तर माणूस होती. तिलाही रुंदी असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ज्या माणसाशी आपण एका घरात राहतो त्याला बाहेरून किती जागा लागते, हे आपण बहुधा बघत नाही.

मी अर्ज केला. खांब काढा, निदान एक तरी काढा. खिडकीतल्या बाईंनी फाइल शोधली, त्यातून माझंच ड्रॉइंग काढून माझ्यापुढे धरलं. "हे आपलंच ना?" माझंच होतं. इतकं स्वच्छ, की त्यांनी त्याला प्लास्टिकचं पाकीट घातलं होतं. "आपल्या मागणीवरूनच झालंय हे. आता बदलायचं तर परत प्रस्ताव, परत हरकती-सूचना." तो तरुण इंजिनिअर बदलून गेला होता. मी दर सोमवारी जात राहिलो. शेवटी शेवटी त्या बाई मला बघून स्वतःहून मान हलवायच्या, तेवढे त्यांनी माझे शब्द वाचवले.

त्या हिवाळ्यात ताईला सर्दी झाली, छातीत उतरली. पोलिओने तिची छाती आधीच अर्धी करून ठेवली होती. नऊ दिवस रुग्णालयात काढून ती गेली. दहावीच्या तुकडीचा अभ्यासक्रम पुरा व्हायला दोन धडे राहिले होते. मुलं आली, बाकांवर ओळीत बसली. मग एका मुलीने फळ्यावरचं अर्धं गणित वहीत उतरवून घेतलं, आणि बाकीच्यांनीही वह्या काढल्या. मंगल आत जाऊन खूप रडली. मला त्या दिवशी रडू आलं नाही. ते नंतर आलं, सोमवारी, पायाला सवय झाल्यासारखा मी त्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो तेव्हा.

पुढे एका टेम्पोने मागे घेताना आमच्या फाटकासमोरचा खांब वाकवला. दोन-तीन महिने तो तसाच झुकून उभा राहिला, मग कुणीतरी तो कापून नेला. प्रस्ताव लागला नाही, तीस दिवस लागले नाहीत. तिथून आता संध्याकाळी मोटरसायकली बिनघोर चढतात. एखादी तीनचाकीही आरामात जाईल. मी जाता-येता त्या जागेकडे बघायचं टाळतो आणि दर वेळी बघतो.

परवा प्राजक्ता मोबाइल घेऊन घरीच आली. म्हणे, काका, तुम्ही बोला, मी टाइप करते, पाच मिनिटांचं काम. चालता का, किती चालता, कुठे अडतं. मी सांगत गेलो. मग तिने विचारलं, "तुमच्या घरात कुणी व्हीलचेअर वगैरे वापरतं?"

"आता नाही."

तिने "नाही"वर बोट टेकवलं. "आता" टाइप करायला जागा नव्हती. "आणि काही सजेशन, काका?"

"सभा तळमजल्यावर घ्या म्हणावं," मी सांगितलं. "आणि ज्यांच्यासाठी वाट करताय, त्यांना स्वतःला बोलवा. त्यांच्या भावाला नको."

तिने अर्धं टाइप केलं आणि थांबून माझ्याकडे बघितलं. हुशार मुलगी आहे. उरलेलं टाइप करून गेली.

पण सगळं सांगून झालं तरी एक गोष्ट मी मागे ठेवली आहे. मंगललाही ती सांगितलेली नाही.

तीनचाकी मोजली त्या दुपारी मी तसाच, हातात टेप घेऊन, ताईच्या खोलीत गेलो होतो. ती पेपर तपासत होती. मी म्हणालो, "ताई, तू मला सांगितलं का नाहीस?"

काय सांगितलं नाही, असं तिने विचारलं नाही. टेपकडे बघितलं आणि लाल पेनाचं टोपण लावलं.

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की मला जाता येणार नाही." ती शांतपणे, गणित सोडवून दाखवावं तसं बोलत होती. "तुझं माप कधी चुकलंय का, अरू? तीस वर्षांत कंपनीत नाही चुकलं. मग इथेच सात इंच कसे चुकतील? मीही मोजलेत. मला वाटलं, भांडून जमलं नाही म्हणून तू असं केलंस. तुला मी संध्याकाळी घरात हवी होते. म्हटलं, जाऊ दे. काळजीपोटीच केलंय त्याने."

"नाही गं, ताई. देवाशपथ नाही," मी म्हणालो.

म्हणालो, पण लगेच नाही. मधे काही क्षण गेले. कारण ती बोलत असताना मला कळलं होतं की गेल्या अख्ख्या वर्षात संध्याकाळची मला एकदाही धास्ती वाटली नव्हती, आणि ती का वाटत नाही हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. मला सुख लागलं होतं, आणि मी ते सुख तपासून बघितलं नव्हतं. ते क्षण ताईने बघितले. ती माझी थोरली बहीण होती, माझं थांबणं तिला बाकी कुणाहीपेक्षा चांगलं कळायचं.

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा पेपर ओढला.

त्यानंतर ती दहा महिने होती. हा विषय तिने काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही. तिने माझं "नाही" खरं मानलं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. मला एवढंच कळतं की ते पहिलं वर्षभर माझ्या बहिणीला वाटत होतं, तिच्या भावाने तिला जाणूनबुजून कोंडलं आहे. आणि त्या वर्षी संध्याकाळी आम्ही दोघं पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसायचो. ते तिनेच सुरू केलं होतं. मी आतून येईपर्यंत ती पान घडी घालून, दिवा माझ्या बाजूला सरकवून बसलेली असायची. ते वर्ष मला फार आवडलं होतं. ती माझ्यासाठी पेन्सिलीला टोक काढून ठेवायची.